आवाजाचा वाढपी

तळहातावर मावेल एवढी धातूची डबी. निळा रंग, वर चार बटणं, एक लाल दिवा, आणि पायाने दाबायची पट्टी. गिटारवाल्याच्या पायाशी पेडलांची जी रांग असते, तिच्यात हा सगळ्यांत अबोल. डिस्टॉर्शन लावलं की समोरची मुलं ओरडतात. डिले लावला की सूर एकामागून एक उमटत जातो आणि माणसं मान वळवून बघतात. कॉम्प्रेसर लावला तर ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच काही कळत नाही. तो बंद केला की मात्र वाजवणाऱ्याच्या बोटांना तत्क्षणी कळतं की सोबतीला बसलेलं कुणीतरी उठून गेलं.

मला हा निळा मनापासून आवडतो. रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत गिटार घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्याच्याइतका उपयोगी सोबती दुसरा नाही, असं माझं मत आहे.

पंगतीत जुना, जाणता वाढपी असतो, तसा त्याचा स्वभाव. जो मोठ्याने हाका मारून जिलेबी मागतो त्याच्या पानात तो एकच वळसा टाकतो आणि पुढे सरकतो. जो खाली मान घालून बसलाय त्याच्यापाशी थांबतो, आग्रह करतो. पंगत उठेपर्यंत कुणाचं पान ओसंडत नाही आणि कुणी अर्धपोटी राहत नाही. कॉम्प्रेसर सुरांशी असंच वागतो. जोरात छेडलेली तार उसळी मारून वर आली की तिला आवरतो. करंगळीने कशीबशी वाजलेली बारीक तार असली की तिला वर उचलतो.

हे तो कसं करतो ते एकदा नीट समजून घ्यावं, म्हणजे बटणांची भीती जाते. थ्रेशोल्ड ही एक रेघ. सूर तिच्या खाली आहे तोवर हा हात घालत नाही. रेघ ओलांडली की रेशो लागू होतो. रेशो ४:१ असेल तर रेघेच्या १२ डेसिबल वर गेलेला सूर फक्त ३ डेसिबल वर राहतो. अटॅक म्हणजे सूर उसळल्यावर किती वेळाने आवरायचं, हे मिलिसेकंदांत मोजतात. रिलीज म्हणजे सूर खाली आल्यावर पकड किती वेळाने सोडायची. एवढं आवरून झालं की एकंदर आवाज पडतो, तो लेव्हलच्या बटणाने पुन्हा वर घ्यायचा. त्याचं खरं काम या शेवटच्या उचलण्यात आहे. मोठे सूर आधीच आवरलेले असतात, म्हणून आता वर येतात ते बारीक. विरत चाललेल्या सुराची शेपटी लांबते ती याचमुळे. पुष्कळ पेडलांवर थ्रेशोल्ड आणि रेशो ही नावं दिसतही नाहीत. दोन्हींचं काम मिळून एकाच बटणात घातलेलं असतं, आणि त्यावर ‘सस्टेन’ किंवा ‘सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेलं असतं.

आता हे सगळं आपल्या किनाऱ्यावर आणून ठेवा.

किहीम, वरसोली, नागाव, काशीद, खाली दिवेआगर. शनिवार-रविवारी इथल्या कुठल्या ना कुठल्या रिसॉर्टच्या अंगणात, सुरूच्या झाडांखाली, एक गिटारवाला आणि एक गाणारी किंवा गाणारा बसलेला असतो. बंद खोलीत भिंती सूर परत करतात. वाळू काहीच परत करत नाही. आणि समुद्र गप्प बसत नाही. लाटेच्या आवाजात खर्जापासून वरच्या टिपेपर्यंत सगळंच मिसळलेलं असतं, त्यामुळे गिटारचा हलका सूर कुठल्याही पट्टीतला असो, लाट त्याला झाकते. चार तारा एकेक करून उलगडत एखादं संथ गाणं धरावं, तर पहिली तार ऐकू येते, तिसरी लाटेत जाते, चौथी ऐकू येते. म्हणजे खालून समुद्राची हद्द. वरूनही हद्द असतेच. जेवणाऱ्या मंडळींना बोलायचं असतं, शेजारच्या वाडीतली म्हातारी माणसं झोपलेली असतात, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. या दोन हद्दींच्या मध्ये जी अरुंद पट्टी उरते, तिच्यात अख्खं गाणं मावलं पाहिजे. ते मावतं या डबीमुळे.

तिचा जन्मच अशा पेचातून झाला. रेडिओच्या प्रक्षेपकाला वरून मर्यादा होती, कारण आवाज फार चढला की प्रक्षेपण फाटायचं. खालून मर्यादा होती, कारण आवाज फार उतरला की घरातल्या संचाच्या खरखरीत तो बुडायचा. १९३०च्या दशकात यावर उपाय म्हणून आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे अँप्लिफायर आले. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ११०-ए हा १९३७चा. पुढे रेकॉर्डिंग स्टुडिओंनी हेच तंत्र उचललं. टेलिट्रॉनिक्सच्या एलए-टूएमध्ये येणारा सूर एका छोट्या प्रकाशपट्टीला उजळवतो, तो उजेड प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या रोधकावर पडतो आणि त्यानुसार आवाज आवरला जातो. बिल पटनम यांचं ११७६ हे यंत्र १९६७ साली आलं, ते ट्रान्झिस्टरवर चालणारं आणि फार चपळ. ही सगळी कपाटात बसवायची यंत्रं. त्यांना पायाखाली आणण्याचं श्रेय ज्यांना जातं त्यांच्यात अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावची एमएक्सआर ही कंपनी मोठी. कीथ बार आणि टेरी शेरवूड यांनी ती १९७२ साली काढली, आणि तिचा लाल डायना कॉम्प जगभर गेला. त्याला बटणं दोनच, पोटात सीए ३०८० नावाची एक चिप. जपानच्या बॉसने १९७८ साली सीएस-१ आणला, १९८१ साली सीएस-२, आणि १९८६ साली चार बटणांचा निळा सीएस-३. द पोलिस या बँडच्या अँडी समर्स यांची ती लखलखीत, एका पातळीत चालणारी गिटार ऐकली असेल, तर हा स्वभाव तुमच्या कानांना आधीपासून ओळखीचा आहे.

या घराण्यात तीन प्रकृती आहेत असं समजायला हरकत नाही. सीए ३०८०सारख्या चिपवर चालणारे लाल-निळे भाऊ ठळक बोलतात. ते सूर दाबतात हे ऐकू येतं, आणि काही गाण्यांना तेच हवं असतं: तुटक, टणटणीत वाजवायच्या तारा, अमेरिकन कंट्री संगीतातल्या कोंबडीच्या टोचीसारख्या. प्रकाशावर चालणारे सावकाश. त्यांची पकड हळू बसते आणि हळू सुटते, म्हणून बोटांनी वाजवणाऱ्याला ते सोयीचे. तिसरे ट्रान्झिस्टरवाले. त्यांच्यात डॅन आर्मस्ट्राँगचा ऑरेंज स्क्वीझर हा सगळ्यांत निरिच्छ प्राणी: बाहेर एकही फिरवायचं बटण नाही, फक्त चालू आणि बंद. अलीकडच्या पुष्कळ पेडलांवर ब्लेंडचं बटण असतं. मूळ सूर जसाच्या तसा एका वाटेने जातो, आवरलेला सूर दुसऱ्या वाटेने, आणि शेवटी दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळतात. पहिल्यांदाच कॉम्प्रेसर घेणाऱ्याला मी ब्लेंडवालाच घ्यायला सांगतो. हाताचा जोर-हलकेपणा त्यात शिल्लक राहतो.

घ्यायला जायचं ते मुंबईला. मांडव्याहून बोटीने गेटवे, तिथून धोबीतलाव. जेर महालमधलं फुर्तादोज हे दुकान १८६५पासूनच्या परंपरेचं. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा हवामान धड असेल तर रो-रोने भाऊच्या धक्क्याला उतरता येतं, २०२०पासून ती सोय आहे. दुकान कुठलंही असो, आपली गिटार बरोबर न्यावी. दुकानातली महागडी गिटार लावून पेडल पारखणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने चप्पल घेणं. मग आधी एक काम करावं, जे बहुतेक जण करत नाहीत: पेडल चालू आणि बंद असताना आवाज सारखाच येईल असं लेव्हलचं बटण लावून घ्यावं. कान मोठ्या आवाजाला चांगलं म्हणतो. लेव्हल जरा चढी असली की कुठलाही कॉम्प्रेसर सुंदर वाटतो, आणि घरी आल्यावर ते सौंदर्य सापडत नाही. पातळी सारखी केल्यावर तीन गोष्टी वाजवाव्यात. एकेक तार उलगडत हलक्या हाताचं काहीतरी. मग भरघोस ठेका. मग वरच्या पट्टीतला एकच सूर, जो मरेपर्यंत ऐकायचा. शेवटी हात तारांवर सपाट ठेवून काहीही न वाजवता कान द्यावा. कारण आता पेडलाचा अवगुण ऐकायचा असतो.

जो बारीक सुरांना उचलतो तो बारीक गोंगाटालाही उचलतो. सूर आणि गोंगाट यांतला फरक त्याला कळत नाही. त्याला फक्त लहान-मोठं कळतं. सूर विरत जातो तशी त्याची पकड सुटते, आणि मागून सळसळ वर येऊ लागते, तिच्यामागून विजेची घरघर. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ही घरघर ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. स्टीलची तार वर हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्यातून वीज निर्माण होते. पण जवळून जाणाऱ्या कुठल्याही विजेच्या तारेचं क्षेत्रही तो तितक्याच आनंदाने टिपतो. साधा एक वेटोळ्याचा पिकअप असेल तर फारच.

हे अलिबागकराला नवं वाटायचं कारण नाही. आपल्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे ती याच कारणाने. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पूर्वी मुंबईत कुलाब्याला व्हायची. ट्रामला घोड्यांऐवजी वीज लागणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेच्या प्रवाहाने सुया बिघडतील हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम १९०४ साली अलिबागला आलं, चुंबकाला न ओढणारं साहित्य निवडून इमारत उभी राहिली, आणि काही काळ दोन्हीकडच्या नोंदी जोडून घेतल्यावर कुलाब्याचं काम थांबलं. पृथ्वीचं मंद चुंबकत्व ऐकायचं तर आजूबाजूची वीज दूर ठेवावी लागते, हे त्या माणसांनी तेव्हा ओळखलं. मंद सूर ऐकायचा तरी तेच करावं लागतं. म्हणून मंडपात पोहोचल्यावर मी पहिल्यांदा बघतो की लायटिंगची वायर कुठून गेलीये, जनरेटर कुठे आहे, डिमर कुठे आहे. त्यांच्यापासून लांब उभं राहतो. गिटार हातात घेऊन जागेवरच थोडं वळलं तरी घरघर कमी-जास्त होते. जिथे सगळ्यांत कमी होते त्या दिशेला तोंड करून बसतो. मग कॉम्प्रेसर चालू करतो.

त्याला रांगेत कुठे बसवायचं याबद्दल माझं मत ठाम आहे: सगळ्यांच्या आधी, गिटारच्या लगेच पुढे. ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवला तर ओव्हरड्राइव्हला एकसारखा सूर मिळतो आणि तो सलग गातो. ओव्हरड्राइव्हच्या नंतर ठेवला तर फाटलेला सूर, जो फाटताना मुळातच दबलेला असतो, पुन्हा दाबला जातो, आणि वर ओव्हरड्राइव्हची सळसळही उचलली जाते. डिलेच्या नंतर ठेवला तर विरत जाणारे प्रतिध्वनी विरतच नाहीत. काही जण मुद्दाम तसं वापरतात, त्यांना त्यातून काही सापडत असेल. माझ्या कानाला ते गुदमरल्यासारखं होतं.

हळदीच्या रात्री त्याचं वेगळंच रूप दिसतं. आगरी-कोळी हळद म्हणजे ऑक्टोपॅड, कीबोर्ड, ढोलकी आणि सगळ्यांच्या वर बेंजो. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो मुळात बुलबुल तरंग, आणि त्याचा पूर्वज जपानी तैशोगोतो, १९१२ साली नागोयात घडलेला. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, तारा नखीने छेडायच्या. आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, कर्ण्यांना जोडला आणि मिरवणुकीच्या पुढे आणला. त्याचा सूर सुरुवातीला टोचतो आणि लगेच विझतो. लांब सूर हवा असेल तर नखी भराभर चालवावी लागते. अशा वाद्याला कॉम्प्रेसर देणं ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते, आणि किनाऱ्यावरच्या बेंजोवाल्यांना मी ते आवर्जून सुचवतो. अटॅक सावकाश ठेवायचा, म्हणजे नखीचा पहिला ठण्णकार सुटून जातो, त्याच्यावर तर बेंजोची ओळखच उभी आहे. त्याच्या मागचा सूर उचलायचा. मग वादकाला प्रत्येक सुराला नखीचा मारा करावा लागत नाही, आणि मींडेसारखं काही घ्यायचं असेल तर सूर तेवढा वेळ जिवंत राहतो. साउंडवालाही खूश असतो. एरवी तो सारखा हात करून सांगत असतो, ‘दादा, आवाज उडतोय, जरा खाली घ्या.’

त्याच रात्री गिटारला मात्र थोडाच कॉम्प्रेसर पुरतो. कोळी ठेक्यावर गिटारचं काम मागून हिसका देण्याचं. तो हिसका सपाट झाला तर नाचणाऱ्या पायांना उचल मिळत नाही. बास गिटारला हवा भरपूर, कारण जाड तारांचा जोर पट्टीगणिक बदलतो आणि मोकळ्या मैदानात एखादा सूर घुमतो, दुसरा गायब होतो.

कोर्लई गावाचं उदाहरण यापेक्षा निराळं. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावात पोर्तुगीज १७४० साली निघून गेल्यावरही पोर्तुगीजमधून उपजलेली एक बोली ख्रिस्ती घरांमध्ये टिकून राहिली. तिथल्या किंवा कुठल्याही चर्चमध्ये अकुस्टिक गिटार साथीला घ्यायची तर आत बसवलेला पायझो पिकअप असतो, आणि पायझोचा सूर पहिल्या फटक्याला काचेसारखा टोकदार येतो. इथे बेंजोच्या उलट करायचं: अटॅक चपळ, रेशो २:१च्या आसपास, म्हणजे टोक घासलं जातं आणि गाणाऱ्यांचे शब्द त्याखाली सापडत नाहीत. भिंती उंच, सूर आपणहून लांबतो, त्यामुळे सस्टेन जवळपास शून्य. एकच डबी दोन गावांत एवढी वेगळी वागते. म्हणून इंटरनेटवरून दुसऱ्याच्या बटणांच्या जागा उतरवून घेणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांची खोली वेगळी, त्यांची बोटं वेगळी, त्यांच्या दारात समुद्र नाही.

आणि कधी तो अजिबात नको असतो. घरात, दोन-चार माणसांपुढे, एकटी गिटार वाजवायची असेल तर त्याला पेटीत राहू द्यावं. हलका हात आणि भारी हात यांतलं अंतर हीच तिथली सगळी श्रीमंती. नव्याने शिकणाऱ्याला तर पहिली दोन-तीन वर्षं तो देऊच नये असं मला वाटतं. हा बोटांची असमानता झाकतो. झाकलेली असमानता कानाला कळत नाही, आणि जी कळत नाही ती सुधारत नाही.

एवढा सोशीक प्राणी, पण खाऱ्या हवेपुढे त्याचं काही चालत नाही. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हाही हवेत मीठ असतं. तारा महिन्याभरात तांबूस होतात. पेडलाच्या जॅकवर हिरवट-पांढरा थर चढतो, बटण फिरवलं की खरखर येते. कॉम्प्रेसर असल्यामुळे ती खरखरही मोठी होऊन येते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, बटण दहा-पंधरा वेळा इकडून तिकडे, जॅकमध्ये प्लग चार-पाच वेळा आत-बाहेर. समुद्रावरून आलं की कोरड्या फडक्याने पुसून हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल धरतात, त्या अधूनमधून गरम करून पुन्हा कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात पेडल वापरात नसेल तर आतली बॅटरी काढून ठेवावी. ती गळली तर आतलं सर्किट खाते.

बॅटरीची आणखी एक बाजू आहे. ९ व्होल्टची साधी चौकोनी बॅटरी याला पुरते, कारण खातो किती, तर दहा मिलिअँपिअरच्या आसपास. चांगली अल्कलाइन बॅटरी त्यावर चाळीस-पन्नास तास निघावी, फक्त वाजवून झाल्यावर गिटारची वायर काढायला हवी, कारण वायर आत असेपर्यंत तो जागाच असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मुरूड-श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा ठिकाणी बॅटरीवरचा छोटा अँप आणि बॅटरीवरचा कॉम्प्रेसर एवढ्यात गाण्याची साथ होते. जनरेटरवरच्या कार्यक्रमातही मी याला अडॅप्टर लावत नाही. बॅटरीतून विजेची घरघर येत नाही, आणि जी येतच नाही ती उचलली जायचा प्रश्नच नाही.

माझ्या निळ्याच्या बटणांभोवती नेलपॉलिशचे ठिपके आहेत, अंधारात टॉर्चच्या उजेडात दिसावेत म्हणून. लाल ठिपके वाळूवरच्या कार्यक्रमाचे: सस्टेन निम्म्याच्या जरा पुढे, लेव्हल बरोबरीला. पांढरे हळदीचे: सस्टेन पाव. चर्चसाठी ठिपका नाही. तिथे गाणाऱ्यांचा पहिला आलाप ऐकून मगच हात लावायचा.